बऱ्याची निवड : गोव्यातील ख्रिस्ती जीवनाची एक प्रस्तावना

ख्रिस्ती श्रद्धेत वाईट ही चांगल्याच्या तोडीची दुसरी सत्ता मानलेली नाही. जे जे निर्माण झाले ते मुळात चांगले, ही उत्पत्तीच्या पुस्तकाची पहिली शिकवण. वाईटाला स्वतःचा उगम नाही. चांगल्याची जागा चुकली, माप बिघडले, की जी उणीव राहते तिचे नाव वाईट. हा विचार सर्वांत ठामपणे मांडला तो उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी. तरुणपणी सुमारे नऊ वर्षे ते मानी पंथाच्या प्रभावाखाली होते. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे असून माणूस हे त्यांच्या लढाईचे रणांगण आहे, असे तो पंथ शिकवी. या शिकवणीत एक सोय होती : पाप घडले ते आपल्यातल्या अंधाराकडून, आपण मोकळे. ऑगस्टीन यांनी ती सोय नाकारली. ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात पोरवयातल्या नासपतीच्या चोरीचा त्यांनी फार बारकाईने विचार केला आहे. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. तरी चोरी केली, कारण ती मना होती आणि बरोबर मित्र होते. इतक्या क्षुल्लक गोष्टीला त्यांनी एवढे महत्त्व दिले ते योग्यच होते. मोठ्या गुन्ह्यात लोभ, सूड, भीती अशी कारणे सापडतात आणि माणूस त्यांच्याआड लपतो. फळांच्या चोरीत लपायला जागाच नसते. तिथे निवड उघडी पडते.

एरवी वाईट हे वाईट म्हणून क्वचितच कोणी पत्करतो. पैसा, मान, शरीरसुख, घरच्यांचे कल्याण या गोष्टी चांगल्याच आहेत. थोरल्या भल्याच्या जागी धाकटे भले बसवले जाते तेव्हा पाप घडते. म्हणून ख्रिस्ती नीतिविचाराला बरे-वाईट ओळखण्याइतकेच भल्यांचा क्रम लावणेही शिकवावे लागते. संत थॉमस अक्वायनस (१२२५–७४) यांनी व्यवहारबुद्धीचा पहिला नियम सांगितला तो अगदी साधा आहे : भले करावे, वाईट टाळावे. बाकी सर्व नियम या एकावर उभे. हा नियम त्यांच्या मते केवळ ख्रिस्ती माणसाच्या नव्हे, प्रत्येक माणसाच्या बुद्धीत आहे, आणि त्याला आधार आहे प्रेषित पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा. ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणावर नियम कोरलेला असतो आणि त्यांचा विवेक त्याची साक्ष देतो, असे पौल म्हणतो. ख्रिस्ती माणूस अन्य धर्मीयांच्या शेजारात राहतो तिथे या शिकवणीचे मोल फार मोठे आहे. गोव्यात, विशेषतः पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत, ख्रिस्ती जीवन ते असेच आहे.

निवडीची भाषा बायबलमध्ये वारंवार येते. वचनदत्त देशाच्या सीमेवर मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण, आशीर्वाद आणि शाप ठेवतो आणि जीवन निवडा अशी कळकळीने विनवणी करतो. अनुवादाच्या पुस्तकाचा तिसावा अध्याय या प्रसंगाचा आहे. त्याच्यामागून यहोशवा शखेम येथे लोकांना जमवून विचारतो की सेवा कोणाची करणार ते आज ठरवा. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात अरुंद आणि रुंद अशा दोन दरवाजांची गोष्ट सांगितली. ‘दिदाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेचा आरंभच जीवनाचा मार्ग आणि मरणाचा मार्ग यांच्या वर्णनाने होतो. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्याला ती शिकवण आधी दिली जाई. आजही ईस्टरच्या जागरणविधीत पेटत्या मेणबत्त्या हाती घेऊन सारी मंडळी सैतानाचा, त्याच्या कृत्यांचा आणि त्याच्या भुलावणीचा त्याग करत असल्याचे मोठ्याने सांगतात आणि मगच श्रद्धा कबूल करतात. नकार आधी, होकार मागून, असा तो क्रम आहे. हे वचन दर वर्षी नव्याने द्यावे लागते, कारण एकदा केलेली निवड आयुष्यभर आपोआप टिकेल असे चर्चने कधीच मानलेले नाही.

ती टिकत का नाही, याचे सर्वांत प्रांजळ वर्णन पौलाच्याच पत्रात आहे. जे बरे करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच घडते, ही त्याची व्यथा रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात आली आहे. बरे काय ते ठाऊक असणे पुरेसे नाही, हे ख्रिस्ती नीतीचे कदाचित सर्वांत महत्त्वाचे सांगणे असावे. ज्ञान आणि कृती यांच्यामधली दरी इच्छेच्या दुबळेपणाने पडते, आणि ती केवळ निर्धाराने भरून निघत नाही; तिथे देवाची कृपा लागते. मग माणसाच्या स्वातंत्र्याचे काय उरले, हा वाद सोळाव्या शतकात पेटला. १५२४ मध्ये इरॅस्मस यांनी मुक्त इच्छेची बाजू मांडली, १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी इच्छा बंदिवान असल्याचे प्रतिपादन केले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जानेवारी १५४७ मध्ये कॅथलिक भूमिका ठरवली : आदिपापाने मुक्त इच्छा दुर्बळ झाली, वाकली, पण नष्ट झाली नाही, कृपा आधी येते, माणूस तिला होकार किंवा नकार देऊ शकतो. या प्रश्नावरची सुमारे साडेचारशे वर्षांची कटुता ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथील कॅथलिक-लुथरन संयुक्त घोषणेने बरीच निवळली.

ट्रेंटची ही शिकवण मराठीत आली ती गोव्यात, आणि ती आणणारा होता एक इंग्रज. थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा विल्टशरचा जेझुइट पाद्री १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोहोचला आणि उरलेले आयुष्य त्याने मुख्यतः साष्टीत काढले. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीछंदात आहे. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू (अध्याय), मिळून सुमारे अकरा हजार ओव्या, एवढा त्याचा विस्तार. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांची पूर्वीची पुराणे सुटली होती, नवी हाती आली नव्हती. ती रिकामी जागा भरून काढण्यासाठी हा ग्रंथ झाला. एक ब्राह्मण प्रश्न विचारतो, पाद्री उत्तर देतो, अशी त्याची बैठक आहे. ज्ञानेश्वरीपासून मराठी श्रोत्याच्या कानात मुरलेली गुरुशिष्य-संवादाची रीत स्टीफन्सने ओळखली होती.

पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंत जाते. त्यात स्वर्गदूतांचे बंड आणि आदम-एवेचे पतन हे दोन प्रसंग निवडीच्या विषयाचे गाभे आहेत. देवदूत असो वा माणूस, त्याला कोणी ढकलले नाही; त्याने आपल्या इच्छेने वळण घेतले, हे स्टीफन्स कथेतून दाखवतो. नियती किंवा पूर्वसंचित यांच्याकडे बोट दाखवायला तो वाव ठेवत नाही. दुसरे पुराण येशूचे चरित्र सांगते. अरण्यातल्या तीन मोहांचा प्रसंग येशूच्या चरित्रात ज्या ठिकाणी येतो ते लक्षात घेण्यासारखे आहे. बाप्तिस्मा झाल्यावर, लोकांत काम सुरू होण्याआधी, भाकर, चमत्कार आणि जगाची सत्ता या तीन गोष्टी येशूपुढे ठेवल्या जातात. तिन्ही उपयोगाच्या, तिन्हींनी लोकांचे भलेच झाले असते असे म्हणता येईल. नाकारले ते भले नव्हे. देवाला बाजूला सारून मिळणारे भले नाकारले.

या ग्रंथाचा पुढचा प्रवास चर्चच्या इतिहासातला एक विरोधाभास उघड करतो. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या, पण सतराव्या शतकातली छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेचा वापर मोडून काढण्याचा हुकूम काढला. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांतून, विशेषतः गोवा सोडून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत. त्याच परंपरेतून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी रोमन लिपीत त्याची आवृत्ती काढली. देवनागरीत शांताराम बंडेलू यांची आवृत्ती १९५६ ची. बरे-वाईट आपल्या भाषेत समजावून देणारे पुस्तक लोकांनी जपले आणि ते समजून घेण्याची भाषाच सत्तेने दडपू पाहिली.

याहून मोठा प्रश्न सक्तीचा आहे, आणि गोव्यात या विषयाची प्रामाणिक मांडणी करायची तर तो टाळता येत नाही. निवड स्वतंत्र असेल तरच तिला नैतिक मोल, हे ट्रेंटनेही मानले आणि त्याआधी ऑगस्टीननेही. तरीही तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखांत) सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, हिंदूंचे विधी बंद केले गेले, आणि बाप्तिस्म्याला सवलतींचे आमिष व हद्दपारीचे भय अशी दोन्ही बाजूंनी जोड मिळाली. फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्यात आले. रस्त्याने घंटा वाजवत मुलांना जमवून धर्मशिक्षण देणारे, रोग्यांची शुश्रूषा करणारे म्हणून ते लोकांच्या स्मरणात आहेत. १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन (धर्मन्यायासन) मागणारेही तेच. ते न्यायासन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याची मुख्य नजर नवख्रिस्ती लोकांवर होती : जुन्या चालीरीती लपूनछपून पाळणाऱ्यांवर. माणूस मनापासून बऱ्याकडे वळावा म्हणून दंड आणि तुरुंग वापरणे हा भल्यासाठी वाईट साधन निवडण्याचा प्रकार होता, आणि त्याने हानी केली ती केवळ हिंदूंची नव्हे. ज्यांनी खऱ्या विश्वासाने ख्रिस्त पत्करला त्यांच्या निवडीवरही त्याने कायमचा संशय लादला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा करून श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजोरी करता येत नाही, असे स्पष्ट केले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये सत्याच्या सेवेत बळ वापरल्याच्या पापासाठी जाहीर क्षमायाचना केली. उशीर फार झाला होता. पण जे व्यक्तीला लागू ते संस्थेलाही लागू, पाप कबूल करायचे ते नाव घेऊन, हे तिथे मान्य झाले.

पेडणे आणि डिचोलीची गोष्ट वेगळी आहे. डिचोली पोर्तुगीजांच्या हाती कायमची गेली १७८१ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. दोन्ही मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचे होते. तोवर काळ पालटला होता. या नव्या काबिजादींत लोकांच्या देवस्थानांना आणि रीतिरिवाजांना हात लावणार नाही, असे आश्वासन सरकारला द्यावे लागले. डिचोली तर पूर्वीपासून आश्रयस्थान होती. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपार डिचोलीतल्या नार्वे गावी आणला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. साहजिकच इथला ख्रिस्ती समाज लहान राहिला. पेडण्यात संत जुझेची इगर्ज (चर्च) आहे, हरमलला कार्मेल सायबिणीची (मरियामातेची), डिचोलीत कृपामातेची. या समाजाच्या आत्मिक देखभालीचा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. १८८७ मध्ये काणकोण तालुक्यातल्या आगोंद येथे पाद्री बेंतो मार्तिन्स यांनी मिशनरी संस्था स्थापली, तीच पुढे पिलारची संस्था म्हणून ओळखली गेली. नव्या काबिजादींतले काम हा तिच्या स्थापनेचा एक मुख्य हेतू होता.

अल्पसंख्य असण्याचा इथल्या ख्रिस्ती नीतिजीवनावर खोल परिणाम झाला आहे. जिथे सारा गाव इगर्जेला जातो तिथे चांगले वागणे आणि चारचौघांसारखे वागणे यांतला फरक पुसट होतो. पेडण्यातल्या ख्रिस्ती घराला तो फरक रोज दिसतो, कारण शेजारचे कुटुंब वेगळ्या वाटेने त्याच भल्याकडे जाताना समोर असते. सात बहिणींची लोककथा या प्रदेशात सर्वांना ठाऊक आहे : शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या बहिणी, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हीही त्यांतलीच एक. लईराईच्या आणि मिलाग्रीसच्या स्थानांमध्ये तेल-फुलांची देवाणघेवाण होत आली आहे. धर्मशास्त्राच्या काटेकोर मापाने या नात्याला जागा देणे अवघड आहे, आणि ती ओढूनताणून देण्याची गरजही नाही. पण वाड्यावरच्या खुरसाजवळ (क्रूसाजवळ) लादाईन (सामूहिक प्रार्थना) म्हटली जाते, तेव्हा उकडलेल्या चण्यांचा वाटा घ्यायला हिंदू शेजारीही उभे असतात. अशा ठिकाणी वाईट म्हणजे ‘त्यांचे’ आणि चांगले म्हणजे ‘आपले’ असे शिकवता येत नाही. शिकवले तर ते खोटे असल्याचे मुलांना त्याच संध्याकाळी कळते. गहू आणि निदण एकाच शेतात वाढतात, या येशूच्या दाखल्यात कापणीपर्यंत थांबायला सांगितले आहे, आणि ते शेत प्रत्येकाच्या अंतःकरणातही आहे.

निवड प्रत्यक्षात कशी करायची, याची चर्चने हळूहळू घडवलेली एक पद्धत आहे. तिचा पाया सदसद्विवेकबुद्धी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या दस्तऐवजात तिला माणसाच्या अंतरीचा गाभारा मानले, जिथे तो देवाबरोबर एकटा असतो. तिचा निर्णय पाळणे बंधनकारक आहे. पण ती चुकू शकते, म्हणून तिला घडवत राहणे हेही कर्तव्य आहे. १९९२ च्या ‘कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथा’त कृतीची पारख तीन बाजूंनी करायला सांगितले आहे : कृती कोणती, हेतू कोणता, परिस्थिती कशी. तिन्ही नीट असतील तर कृती चांगली. हेतू कितीही उदात्त असला तरी मुळात वाईट असलेली कृती चांगली होत नाही. या एका वाक्याचे भान सोळाव्या शतकात ठेवले असते तर गोव्याचा इतिहास वेगळा झाला असता. गंभीर पापासाठीही तीन अटी आहेत : बाब गंभीर हवी, ती गंभीर असल्याचे पूर्ण ज्ञान हवे, आणि संमती जाणूनबुजून दिलेली हवी. भीती, सवय, अज्ञान यांनी दोष कमी होतो. कायदा ओठावर ठेवून लोकांना तोलणाऱ्यांना हे पटत नाही, पण चर्चची शिकवण तीच आहे.

नियमांनी न सुटणाऱ्या जागी विवेकाची साधना लागते. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली, आणि जेझुइटांबरोबर ती साधना गोव्यात आली. मनात उठणाऱ्या प्रेरणा तपासाव्यात, असे इग्नेशियस सांगतात. प्रेरणा कोणत्या वाटेने नेते? तिच्यामागे गेल्यावर मन दीर्घकाळ शांत राहते, की क्षणभर फुलून नंतर कोरडे पडते? विशेषतः धार्मिक माणसाला वाईट भल्याच्या वेषात भेटते, म्हणून सुरुवात, मधला भाग आणि शेवट असे तिन्ही पाहावे. खिन्नतेच्या काळात आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. रोज रात्री दिवस आठवून पाहावा : कृपा कुठे भेटली, पाय कुठे घसरला. ही पद्धत मठातल्या लोकांपुरती नाही. दुकानदार, बस चालक, परिचारिका, कोणालाही ती रोज पंधरा मिनिटांत करता येते.

गोव्याच्या भूमीत या साधनेचे सर्वांत उजळ उदाहरण संत जुझे वाझ (१६५१–१७११) यांचे आहे. बाणावली येथे जन्मलेले, सांकवाळच्या घराण्यातले हे पाद्री जुन्या गोव्याच्या ओरेटरीत (पाद्र्यांच्या संघात) होते. डच सत्तेने कॅथलिक धर्मावर बंदी घातलेल्या श्रीलंकेत १६८७ मध्ये ते गरीब मजुराच्या वेषात उतरले. पुढे कँडीच्या बौद्ध राजाने हेर समजून त्यांना कैद केले. नंतर त्याच राज्यात त्यांना मोकळेपणी काम करता आले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि बरीच वस्ती नगर सोडून गेली, रोग्यांना रानात टाकले जाऊ लागले. वाझ आणि त्यांचे भाचे जुझे कार्वाल्हो मागे राहिले. त्यांनी झोपड्यांत रोगी ठेवले, त्यांना खाऊ घातले, जखमा धुतल्या, मृतांना पुरले. रोगी कोणत्या धर्माचा, हे विचारले नाही. इथे कोणी त्यांच्यावर सक्ती केली नव्हती आणि निघून जाण्यात गुन्हाही नव्हता. नगरातले बहुतेक गेलेच होते. जाणे हे धाकटे भले होते, राहणे थोरले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. सोळाव्या शतकाला जे जमले नाही ते या गोमंतकीय पाद्र्याने केले : राज्यसत्तेच्या आधाराविना, परक्या धर्माच्या राजाच्या राज्यात, केवळ सेवेने त्याने ख्रिस्त दाखवला.

आज पेडणे-डिचोलीतल्या ख्रिस्ती माणसापुढच्या निवडी साथीसारख्या लख्ख नसतात. डिचोलीत खनिज हा प्रश्न आहे. लोहखनिजाच्या व्यवसायाने शिरगाव, मये, पिळगाव परिसरातल्या घरांना पिढ्यान् पिढ्या मिळकत दिली. त्याच परिसरात शेतात गाळ उतरल्याची आणि विहिरींचे पाणी खोल गेल्याची तक्रारही तितकीच जुनी. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरवले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाने यात काय करायचे होते? अठराव्या शतकातले नीतिशास्त्रज्ञ संत आल्फोन्सस लिग्वोरी यांनी स्पष्ट केलेला एक भेद इथे उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या वाईटात मनाने सामील होणे एक, आणि मनाने विरोध असूनही आपल्या कामाचा त्याला हातभार लागणे दुसरे. पहिले कधीच समर्थनीय नाही. दुसऱ्याचा दोष आपण त्या वाईटाच्या किती जवळ आहोत, आपल्यावाचून ते अडले असते का, आणि आपल्यावर ओढवणारे संकट किती मोठे, यावर ठरतो. त्यामुळे ट्रकवाला आणि लीजधारक यांना एका मापाने तोलणे अन्यायाचे आहे. मात्र ट्रकवाल्याने, आपण फक्त गाडी हाकतो, असे म्हणून डोळे मिटणेही बरे नाही. समाजात साचलेल्या अशा पापाला पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ मध्ये पापाच्या संरचना म्हटले. त्या कोणा एकाच्या नसतात, पण अनेकांच्या छोट्या निवडींनी आणि गप्प बसण्याने उभ्या राहतात. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाने पृथ्वीची हानी हा विषय उघडपणे पापाच्या कक्षेत आणला.

पेडण्यात प्रश्न जमिनीचा आहे. हरमल, मांद्रे, मोरजीचा किनारा आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागलेले मोपाचे पठार यांमुळे काजूच्या भरडाला आणि खाजन शेतांना कधी नव्हती एवढी किंमत आली आहे. जमीन विकणे पाप नाही. मुलीचे शिक्षण, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी ही खरी भली कारणे आहेत. पण डोंगर कापून, सखल शेत बुजवून शेजाऱ्याच्या घरात पावसाचे पाणी शिरणार असेल, किंवा आखातात असलेल्या भावाला अंधारात ठेवून वाटणीआधीचा हिस्सा विकला जात असेल, तर ‘जमीन आपली आहे’ एवढ्याने प्रश्न मिटत नाही. गोव्यात चालत आलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार घराची स्थावर मालमत्ता विकायला पती-पत्नी दोघांची संमती लागते. ही अट कायद्याची असली तरी ख्रिस्ती विवेकाला ती ओळखीची आहे : अशी निवड एकट्याने करायची नसते. अमली पदार्थांच्या व्यवहाराला खोली भाड्याने देणे, परवाना नसलेल्या बांधकामाकडे काणाडोळा करणे, हेही याच जातीचे प्रश्न. त्यांत सैतान शिंगे घेऊन येत नाही, आगाऊ रक्कम घेऊन येतो.

आणि निवड चुकली तर? ख्रिस्ती जीवनात या प्रश्नाला निवडीइतकेच वजन आहे. गोव्यात ज्याला लोक कुमसार म्हणतात त्या प्रायश्चित्तविधीचे तीन भाग ट्रेंटने १५५१ मध्ये सांगितले : पश्चात्ताप, कबुली, भरपाई. पहिल्या दोन भागांवर प्रवचने पुष्कळ होतात. तिसरा बहुधा दोन-चार प्रार्थनांवर निभावतो. वास्तविक चोरलेले परत करणे, मोडलेले नीट करणे, डागाळलेले नाव धुऊन काढणे हे क्षमेइतकेच आवश्यक आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाने येशूला घरी घेतल्यावर अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायचे ठरवले. त्याचे तारण झाले असे येशू म्हणतो ते त्यानंतर. अक्वायनस यांनी भरपाईचा स्वतंत्र विचार केला आहे. ज्याचे घेतले तो सापडत असेल तर त्यालाच द्यावे; सापडत नसेल, तर ते गरिबांना द्यावे. सार्वजनिक हानीत, ज्याचे नुकसान झाले तो एक माणूस नसून अख्खा वाडा असतो, तिथे या नियमाचा अर्थ गाळाने भरलेले शेत उपसणे, आटलेल्या विहिरीच्या बदल्यात पाण्याची सोय करणे, अडवलेला ओहोळ मोकळा करणे असा होतो. न्यायालयाचा दंड भरला म्हणून हे ऋण फिटत नाही, आणि कबुली ऐकणाऱ्या पाद्र्याला ते शक्य तेवढे फेडण्याची अट घालण्याचा अधिकार आहे.